हसू नक्की कुणाच्या बाजूचं?

१९७१ साली अमेरिकेतल्या 'ऑल इन द फॅमिली' नावाच्या एका विनोदी मालिकेत, भर प्राइम टाइमला, वरच्या मजल्यावरून संडासाच्या फ्लशचा आवाज आला आणि स्टुडिओत बसलेली माणसं खो खो हसली. नुसता आवाज हं. बाथरूम दिसत नाही, काही नाही, फक्त पाणी सोडल्याचा घळघळाट, आणि मग आर्ची बंकर नावाचा एक जाडजूड, करवादलेला माणूस जिन्यावरून खाली उतरतो. आता फ्लश म्हणजे काही सामाजिक प्रश्न नाही, मान्य. पण तोपर्यंत तिथल्या टीव्हीवरच्या कुटुंबांमधे हा आवाज कुणी ऐकलाच नव्हता, त्यामुळे लोकांच्या लक्षात आलं की हे घर जरा आपल्या घरासारखं दिसतंय, आणि एकदा ते लक्षात आल्यावर मग त्या घरात बाकी जे काही बोललं जातं तेही आपल्याच घरातलं आहे हे नाकारणं अवघड झालं.

म्हणजे आधी काय परिस्थिती होती बघा. १९ जानेवारी १९५३ ला 'आय लव्ह ल्युसी' मधे ल्युसीला मुलगा झाला. ल्युसीचं काम करणारी ल्युसिल बॉल खरोखरच गरोदर होती, पोट अख्ख्या देशाला दिसत होतं, पण 'प्रेग्नंट' हा शब्द मात्र तोंडातून काढायचा नाही असा नियम. आणि नवराबायकोच्या बेडरूममधे पलंग दोन, वेगवेगळे. मूल कुठून आलं ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. साठच्या दशकात तर कहरच, बाहेर व्हिएतनाम पेटलेलं, शहरांमधे दंगली, नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर, आणि टीव्हीवरच्या कॉमेडीत काय, तर बोलणारा घोडा, नाक हलवून जादू करणारी गृहिणी, बाटलीतून निघालेली जिनी. मला ते शोज आवडतात, खोटं कशाला बोलू, पण त्यातल्या एकाही पात्राने पेपर वाचला असेल असं वाटत नाही.

मग १९७१ मधे सीबीएस या चॅनेलने एकदम ग्रामीण बाजाच्या चांगल्या चालणाऱ्या मालिका धडाधड बंद केल्या. लोक बघत नव्हते म्हणून नाही, लोक भरपूर बघत होते, पण बघणारे वयस्कर आणि खेड्यापाड्यातले, आणि जाहिरातदारांना हवे होते शहरातले तरुण. हे सांगायचं कारण म्हणजे नंतर या सगळ्या काळाला 'टीव्हीने धाडस दाखवलं' अशी झालर लावली जाते. धाडस होतंच, लेखकांचं होतं. चॅनेलचा मात्र हिशोब होता.

तर नॉर्मन लिअर, आर्चीची मालिका बनवणारा. या माणसाने ब्रिटनमधल्या 'टिल डेथ अस डू पार्ट' या बीबीसीच्या मालिकेबद्दल वाचलं, ज्यात एक तोंडाळ, वर्णद्वेष्टा म्हातारा आणि त्याचा डाव्या विचारांचा जावई रोज भांडतात, आणि त्याला आपले वडील आठवले, कारण वडील घरात बायकोला असंच गप्प बसवायचे. त्याने अमेरिकन हक्क घेतले. एबीसी या दुसऱ्या चॅनेलने दोनदा पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, बनवून घेतला आणि दोनदा नको म्हणाले. शेवटी सीबीएसने घेतला, आणि १२ जानेवारी १९७१ च्या रात्री 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाली ती आधी एक सूचना दाखवून, की बाबांनो, आम्ही आपल्या उणिवांवर आणि पूर्वग्रहांवर विनोदाचा प्रकाश टाकतोय, ते किती हास्यास्पद आहेत हे दाखवायचं आहे. तक्रारींचा पूर येईल म्हणून फोनवर जादा माणसं बसवली होती. पूर काही आला नाही. पुढे हीच मालिका ओळीने पाच वर्षं एक नंबरला होती.

आर्ची न्यूयॉर्कमधल्या क्वीन्समधे राहतो, माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्यावर फोरमन. बायको ईडिथ, जिला तो सतत गप्प बस म्हणतो. मुलगी ग्लोरिया. आणि जावई माइक, जो कॉलेजात शिकतोय, सासऱ्याच्या घरात राहतोय, सासऱ्याचंच खातोय आणि वर सासऱ्याला समतेवर लेक्चर देतोय. इथे लिअरची खरी हुशारी आहे. माइक बरोबर बोलतो पण माणूस म्हणून बऱ्याचदा डोक्यात जातो, बायकांच्या हक्कांवर भाषण ठोकणार आणि ग्लोरिया बोलायला लागली की तिलाच मधे तोडणार. आर्ची चूक बोलतो पण घर तो चालवतोय. त्यामुळे बघणाऱ्याला आयतं उत्तर मिळत नाही.

पहिल्याच भागात शेजारचा लायनेल नावाचा काळा मुलगा येतो. आर्ची त्याला विचारतो, पुढे काय होणार तू? आणि लायनेल, जो व्यवस्थित शिकलेला, व्यवस्थित इंग्रजी बोलणारा पोरगा आहे, तो मुद्दाम आर्चीच्या डोक्यातल्या 'काळ्या' माणसासारखा हेल काढून सांगतो की इंजिनियर होणार मालक. आर्ची खूश. स्टुडिओत हशा. आता हा हशा कशाला होता? लायनेलच्या बेरकीपणाला, की त्या हेलाला? दोन्ही हशे एकाच वेळी झाले असणार आणि टेपवर ते वेगळे काढता येत नाहीत. मला हे जेव्हा पहिल्यांदा जाणवलं तेव्हापासून मी या जुन्या मालिका बघताना विनोदापेक्षा हशाच जास्त ऐकायला लागलो, कुठे सुरू होतो, कुठे अडखळतो, कुठे एकदम तुटतो.

सगळ्यात गाजलेला भाग १९ फेब्रुवारी १९७२ चा. आर्ची जास्तीचे पैसे कमवायला टॅक्सी चालवत असतो, त्यात प्रसिद्ध गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनियर बसतो, हो, खराखुरा, आणि ब्रीफकेस विसरतो. ती न्यायला तो बंकरांच्या घरी येणार. सॅमी काळा, त्यात ज्यू धर्म स्वीकारलेला, आणि एक डोळा अपघातात गेलेला म्हणून काचेचा. आर्चीनेच घरच्यांना बजावलेलं असतं की काही झालं तरी डोळ्याचा विषय काढू नका. आणि तोच कॉफी देताना अगदी अदबीने विचारतो, मिस्टर डेव्हिस, तुमच्या डोळ्यात साखर आणि क्रीम घालू का? आणि मग सॅमीचं ते बोलणं. आर्ची म्हणतोय मी पूर्वग्रहवाला नाही, आणि सॅमी अगदी शांतपणे त्याची बाजू घेतो, म्हणजे घेतल्यासारखं करतो, की हा माणूस पूर्वग्रहवाला असता तर स्वतःला सगळ्या जगापेक्षा श्रेष्ठ समजत फिरला असता, पण याच्याबरोबर एवढा वेळ काढल्यावर मी छातीठोकपणे सांगतो, आर्ची, तू कुणापेक्षाही श्रेष्ठ नाहीस. आर्ची आभार मानल्यासारखं तोंड करतो. त्याला कळलेलंच नाही. शेवटी फोटो काढताना क्लिक व्हायच्या नेमक्या क्षणी सॅमी त्याच्या गालाचा मुका घेतो आणि स्टुडिओ अक्षरशः फुटतो.

हा भाग मी ओळखीतल्या एका काकांना दाखवला होता. काका तसे प्रेमळ, पण 'त्या लोकांबद्दल' (कुठल्याही 'त्या' लोकांबद्दल, यादी मोठी आहे) त्यांची मतं एकदम ठाम. साखर आणि क्रीमला ते खुर्चीत मागे रेलून हसले. मुक्याला तर टाळीच मागितली. आणि सॅमीच्या त्या बोलण्यानंतर माझ्याकडे वळून म्हणाले, बघ, तो सॅमी स्वतः सांगतोय की आर्ची मनाने चांगला आहे. मी काही बोललो नाही. आम्ही दोघं तोच भाग बघत होतो, जवळजवळ त्याच जागांवर हसत होतो, आणि दोघांनी दोन वेगळ्या मालिका बघितल्या.

हे काही माझं एकट्याचं निरीक्षण नाही. मालिका सुरू झाली त्याच वर्षी लॉरा झेड. हॉब्सन या कादंबरीकार बाईंनी न्यूयॉर्क टाइम्समधे लिहिलं होतं की तुम्ही द्वेष्ट्या माणसाला लोभस करून ठेवलंय, आणि खरे घाणेरडे शब्द टाळून जरा मवाळ शिव्या वापरताय म्हणून सगळ्यांना मजा वाटतेय. मग १९७४ मधे विडमार आणि रोकीच या दोन संशोधकांनी अमेरिकेतली किशोरवयीन मुलं आणि कॅनडातली मोठी माणसं घेऊन तपासलं. निष्कर्ष साधारण असा, की मालिका सगळ्यांनाच आवडते, पण ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह जास्त आहेत त्यांना आर्चीचं बोलणं पटतं आणि शेवटी तोच जिंकला असं वाटतं, आणि ज्यांच्या मनात कमी आहेत त्यांना ती आर्चीची टिंगल वाटते. म्हणजे मालिकेने कुणाचं मत बदललं असं दिसत नाही. ज्याने त्याने आपापलं घरून आणलेलं मत तिथे बसून शेकून घेतलं.

मग हे सगळं फुकट गेलं का? मला नाही वाटत. पण 'विनोदाने समाज बदलतो' हे जे आपण सहज बोलून टाकतो ना, त्यावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही. हसू कुठल्या बाजूला पडेल हे लेखकाच्या हातात नसतं. त्याच्या हातात एवढंच असतं की हशा कुठे थांबवायचा, आणि त्या मालिकांमधलं मला जे आज आठवतं ते बहुतेक सगळं तिथलंच आहे, हशा थांबतो तिथलं.

उदाहरणार्थ १९७८ चा एक भाग. आर्ची आणि माइक बारच्या स्टोअररूममधे अडकतात. थंडी, बाटली, दोघंच. सुरुवातीला नेहमीचं, एकमेकांना टोमणे वगैरे. मग चढल्यावर आर्ची लहानपणाचं सांगायला लागतो. घरात इतकी गरिबी की एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात भलतंच काहीतरी घालून शाळेत जावं लागायचं, आणि पोरं त्याला 'शू-बूटी' म्हणून चिडवायची. माइक म्हणतो की तुझ्या वडिलांनी तुला काळ्यांबद्दल जे शिकवलं ते चूक होतं. आणि आर्चीला ते समजतच नाही. चूक? बापाने? जो माणूस तुझ्यावर प्रेम करतो तो तुला चुकीचं कसं शिकवेल? आणि ते प्रेम सिद्ध करायला तो काय सांगतो, तर बापाने मारता मारता स्वतःचा हात मोडून घेतला, कपाटात सात तास कोंडून ठेवलं, प्रेम होतं म्हणूनच ना. आर्चीचं काम करणारा कॅरल ओ'कॉनर हे बोलताना ना रडतो ना आवाज चढवतो, झोपेला आलेल्या माणसासारखा सांगत राहतो. सात वर्षं ज्याला हसलो त्याचा द्वेष कुठून आला हे कळतं आणि तरी माफ करावंसं वाटत नाही, निदान मला तरी वाटलं नाही. पण त्यानंतर आर्चीला बघताना आधीचं ते सुटं, मोकळं हसूही येईना. माझे काका यातला एक भागही बघायला बसणार नाहीत, यात विनोदच नाही म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच आहे.

याच्या उलट, हशाने मालिकाच खाऊन टाकल्याचं उदाहरण म्हणजे 'गुड टाइम्स'. १९७४ मधे सुरू झाली, शिकागोतल्या सरकारी गरीब वस्तीतलं काळं कुटुंब, आई फ्लोरिडा, बाप जेम्स, तीन मुलं. फ्लोरिडाचं काम करणाऱ्या एस्थर रोलचा आग्रहच होता की घरात नवरा पाहिजे, काळं कुटुंब म्हणजे बाप गायब हे चित्र मी करणार नाही. जॉन एमोसने तो बाप असला उभा केलाय, एक नोकरी सुटली की दुसरी, दुसरी सुटली की तिसरी, चिडका, मानी, पोरांवर जीव टाकणारा. पण थोरला मुलगा जेजे 'डायनोमाइट!' असं ओरडायचा आणि स्टुडिओ डोक्यावर घ्यायचा. मग काय, दर भागात डायनोमाइट. मग टीशर्टांवर, बाहुल्यांवर डायनोमाइट. जेजेचे डोळे आणखी मोठे, टोप्या आणखी विचित्र, अक्कल आणखी कमी. रोल आणि एमोस दोघंही याबद्दल उघड कुरकुर करत राहिले, की आम्ही गरिबीवर, भाड्यावर, शाळेवर मालिका करायला आलो होतो आणि काळ्यांना विदूषक करण्याचा जुनाच खेळ चाललाय. १९७६ मधे एमोसला काढून टाकलं. जेम्सला गाडीच्या अपघातात मारलं. पुढच्या वर्षी रोलसुद्धा सोडून गेली, नंतर परत आली, पण तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

आणि तरी याच मालिकेत तो एक सीन आहे. जेम्सच्या अंत्यविधीनंतर घरात लोक जमलेत, फ्लोरिडा सगळ्यांचं हसून स्वागत करतेय, खायला देतेय, एक थेंब रडत नाही, मुलांनाच कळेना की आईला झालंय काय. लोक जातात. ती आवरायला घेते. पंचचा मोठा काचेचा बोल दोन हातांत उचलते, क्षणभर धरते आणि जमिनीवर आपटून फोडते आणि ओरडते. डायनोमाइटला सरावलेला तो स्टुडिओ त्या वेळी चिडीचूप. मला वाटतं त्या एका मिनिटासाठी बाकीचा सगळा थिल्लरपणा सहन करायला हरकत नाही. की नसावी? एस्थर रोलला विचारलं असतं तर ती कदाचित वेगळं बोलली असती.

'मॅश' मधे तर हशावरून सरळ भांडणच होतं. कोरियन युद्धातलं फिरतं लष्करी हॉस्पिटल, पण मालिका सुरू झाली १९७२ मधे, व्हिएतनाम चालू असताना, त्यामुळे कोरिया हे नुसतं नाव होतं हे कुणालाही कळत होतं. खरं युद्ध तीन वर्षं चाललं, मालिका अकरा. इथे स्टुडिओत प्रेक्षक नव्हतेच, आणि सीबीएसचं म्हणणं की कॉमेडी आहे तर डब्यातला, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला, हशा पाहिजेच. मालिका बनवणाऱ्या लॅरी गेल्बार्ट आणि जीन रेनॉल्ड्सना तो मुळीच नको होता. शेवटी तडजोड अशी झाली की ऑपरेशन थिएटरमधे हशा लावायचा नाही. बाहेर तंबूत काहीही चालू दे, फाजीलपणा, दारू, बायकांच्या मागे लागणं (जे आज बघताना अंगावर येतं, ते वेगळंच), पण टेबलावर पोरगं उघडं पडलंय तिथे डॉक्टरने कितीही भारी जोक मारला तरी मागे कुणी हसणार नाही. मला ही तडजोड त्या मालिकेतली सगळ्यात ग्रेट गोष्ट वाटते. ठरवून काही झालेलंच नाही, चॅनेलशी घासाघीस करता करता झालंय. ब्रिटनमधे बीबीसीने हशा काढूनच दाखवली, आणि तसे भाग बघितले तर तेच संवाद एकदम कडू लागतात, माणसं विनोद करत नाहीयेत, स्वतःला वेड लागू नये म्हणून बडबडतायत असं वाटतं.

१८ मार्च १९७५ चा भाग तर प्रसिद्धच आहे. कर्नल हेन्री ब्लेक, सगळ्यांचा लाडका, गबाळा वरिष्ठ, त्याची सुटका होते, तो घरी निघतो, निरोप समारंभ, थट्टामस्करी. शेवटचं पान नटांना शूटिंगच्या अगदी तोंडावर दिलं गेलं. रडार नावाचा तिथला कारकून हातात कागद घेऊन ऑपरेशन थिएटरमधे येतो, तोंडाला मास्क नाही, आणि वाचतो, कर्नल ब्लेक यांचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. कुणी काही बोलत नाही, हात चालू राहतात. त्या टेकमधे कुणाच्या तरी हातातून एक अवजार खाली पडलं, चुकून, खणकन. ते तसंच ठेवलंय.

'मॉड' या मालिकेबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लोकांनी आधीच खूप लिहिलंय. नोव्हेंबर १९७२, सत्तेचाळीस वर्षांची मॉड गरोदर राहते आणि दोन भागांच्या शेवटी गर्भपाताचा निर्णय घेते. न्यूयॉर्क राज्यात तो कायदेशीर झालेला होता, पण संपूर्ण देशासाठीचा सुप्रीम कोर्टाचा निकाल अजून दोन महिन्यांवर होता. इलिनॉयमधल्या दोन स्टेशनांनी भाग दाखवलाच नाही, आणि पुढच्या ऑगस्टमधे पुन्हा लागला तेव्हा आणखी कितीतरी स्टेशनांनी. मला त्यात आवडतो तो वॉल्टर, तिचा नवरा. नसबंदी करून घेईन म्हणून मोठ्या तोऱ्यात जातो आणि आयत्या वेळी शेपूट घालून परत येतो. हसू येतं. आणि हसता हसता लक्षात येतं की दोघांपैकी एकाला घाबरून परत यायची सोय आहे.

ऐंशीच्या दशकात मग हे सगळं सोपं करून टाकलं. 'व्हेरी स्पेशल एपिसोड' नावाचा प्रकार आला, म्हणजे वर्षभर बाष्कळपणा आणि एका भागात ड्रग्ज, नाहीतर दारू पिऊन गाडी, शेवटी कुणीतरी कॅमेऱ्याकडे बघून हेल्पलाइनचा नंबर सांगणार. हेतू चांगलाच असेल. मी दोन-चार बघितले, पुढे नाही बघवले.

२०१९ च्या मे महिन्यात एबीसीने एक गंमत केली. लिअर तेव्हा ९६ वर्षांचा. 'ऑल इन द फॅमिली' आणि तिच्यातूनच निघालेल्या 'द जेफरसन्स' चा एकेक जुना भाग, जुन्याच स्क्रिप्टवर, नवे नट घेऊन, प्रेक्षकांसमोर लाइव्ह केला. जेफरसन म्हणजे लायनेलचे आईवडील, धंद्यात पैसा करून मॅनहॅटनच्या उंच इमारतीत राहायला गेलेले. जॉर्ज जेफरसन हा काळा आर्चीच आहे, इमारतीतल्या गोरा नवरा-काळी बायको या जोडप्यावरून त्याचं तोंड बंद होत नाही, त्यांच्या मुलांना झेब्रा म्हणतो. त्यात भांडणात एक शब्द येतो, तोच, गोऱ्यांनी काळ्यांसाठी वापरलेला. १९७५ मधे तो जसाच्या तसा गेला होता. २०१९ मधे त्यावर बीप. हॉब्सनबाई असत्या तर म्हणाल्या असत्या की घाण शब्द ऐकू आला तरच लोकांना त्याची घाण कळेल, आणि मी बराचसा त्यांच्याच बाजूचा आहे. पण माझ्या काकांसारखे किती जण सोफ्यावर बसून तो शब्द ऐकत असतील हे डोक्यात आलं की माझा आवाज जरा खाली येतो.

त्या जेफरसनच्या भागाच्या शेवटी घरकामासाठी इंटरव्ह्यू द्यायला फ्लॉरेन्स येते. काळी बाई, एवढं मोठं घर, तिला वाटलेलं असतं की समोरची लुईससुद्धा, म्हणजे जॉर्जची बायको, इथे कामालाच असणार. मग कळतं की लुईस या घराची मालकीण आहे, आणि शेजारी उभी असलेली दुसरी काळी बाई, तीही याच इमारतीत राहते. फ्लॉरेन्स एकदा हिच्याकडे बघते, एकदा तिच्याकडे, आणि विचारते, आपण जिंकलो आणि मला कुणी सांगितलं कसं नाही? चळवळीत लाखो लोक 'एक दिवस आपण जिंकू' म्हणून गाणं म्हणत होते त्यावरचा हा टोला. २०१९ मधे बाकी सगळे नट नवे होते, पण हे वाक्य बोलायला दारातून आत आली ती मूळची मार्ला गिब्स, ८७ वर्षांची. कुणाला कल्पना नव्हती. लोक आधी ती दिसली म्हणून ओरडले, मग वाक्याला हसले.

४४ वर्षांनी तेच वाक्य तसंच्या तसं चाललं, याचं कौतुक करायचं की काळजी, माझं अजून ठरत नाहीये. बाकी फ्लॉरेन्सला ती नोकरी मिळते, आणि १९८५ मधे मालिका बंद पडेपर्यंत ती त्याच घरात झाडलोट करत जॉर्जला उलट उत्तरं देत राहते.